चळवळ, चटई क्षेत्र आणि सॅम ब्राऊन

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा गच्चीवर भरली होती. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता, माइक अधूनमधून शिट्ट्या मारत होता. विकासकाच्या बाजूने बोलायला जे गृहस्थ उभे राहिले ते सत्तरीचे. खादीचा झब्बा, खिशाला दोन पेनं. आणीबाणीत आत गेलेले, नंतर पाणी, रेशन, भाडेवाढ अशा कितीतरी मोर्चांत पुढे असलेले. त्यांनी 'मित्रहो' म्हटलं आणि मागच्या रांगेतले एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटले, "एके काळी हा आपल्याला रस्त्यावर उतरवायचा. आता घराबाहेर काढायला आलाय."

हशा पिकला. मीही हसलो. वाक्य होतंच तसं. पण त्या हशानंतर पुढचा अर्धा तास त्या गृहस्थांनी मांडलेला एकही आकडा कुणी नीट ऐकला नाही, आणि हे मला घरी गेल्यावर टोचायला लागलं. करारनाम्याच्या मसुद्यात काय आहे यापेक्षा तो मांडणारा माणूस पूर्वी कोण होता, यावरच आमची सभा संपली होती.

चळवळीतल्या माणसाने घरं बांधायला घेतली की आपण त्याच्यासाठी एक शब्द तयार ठेवलेला असतो: विकला गेला. हा शब्द आळशी आहे असं माझं म्हणणं आहे. तो कधी कधी खराही असतो, पण आळशी नेहमीच असतो.

अमेरिकेत या शब्दाला चेहरा मिळाला तो जेरी रुबिनचा. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या आंदोलनातला हा सगळ्यात गाजलेला विदूषक-पुढारी. ऑगस्ट १९६७ मध्ये तो आणि अ‍ॅबी हॉफमन न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातल्या सज्जात चढले आणि त्यांच्या टोळीने खाली दलालांवर डॉलरच्या नोटा उधळल्या. १९६८ च्या शिकागोतल्या निदर्शनांनंतर जो प्रसिद्ध खटला चालला, त्यातला तो एक आरोपी. आणि १९८० मध्ये हाच रुबिन वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाली पेढीत नोकरीला लागला. पुढे तो धंदेवाल्यांच्या ओळखीपाळखी वाढवणाऱ्या मेजवान्या भरवू लागला, आणि १९८३ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रातल्या सदराने त्याच्यावरून 'यप्पी' (म्हणजे शहरातला तरुण, चांगला कमावणारा नोकरदार) हा शब्द घरोघर पोचवला. त्याच्या जुन्या कंपूचं नाव होतं 'यिप्पी'. देवनागरीत लिहिलं तर फरक फक्त एका वेलांटीचा. नंतर रुबिन आणि हॉफमन दोघं कॉलेजाकॉलेजांतून जाहीर वादविवाद करत हिंडले, एक यप्पीच्या बाजूने, एक यिप्पीच्या. लोक तिकीट काढून येत.

ही गोष्ट सांगायला सोपी आहे, म्हणून तीच सांगितली जाते. त्याच आंदोलनातल्या दुसऱ्या एका माणसाची गोष्ट सांगायला अवघड आहे, कारण तिच्यात वेलांटी कुठे पडली ते सापडत नाही.

सॅम ब्राऊन. जन्म १९४३, आयोवा राज्यातल्या कौन्सिल ब्लफ्स या गावचा. हार्वर्डच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये, म्हणजे धर्मशास्त्र शिकत असताना तो युद्धविरोधी कामात ओढला गेला. १९६८ मध्ये सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना आव्हान दिलं, तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये प्रचाराला आलेल्या विद्यार्थ्यांची फौज उभी करणाऱ्यांत ब्राऊन होता. त्या फौजेची एक गंमत मला फार आवडते. तो काळ केस वाढवण्याचा. केस म्हणजेच निषेध. पण न्यू हॅम्पशायरच्या बर्फातल्या म्हाताऱ्या मतदारांच्या दारात जायचं, तर दाढी-केसांसकट चालणार नव्हतं. मग पोरांनी दाढ्या उतरवल्या, केस कापले, पोरींनी लांब स्कर्ट घातले. ज्याला कापायचे नव्हते त्याला मागे पाकिटं चिकटवायला बसवलं. मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा मॅकार्थींना ४२ टक्के मतं होती, जॉन्सनना ४९. जिंकूनही राष्ट्राध्यक्ष हरल्यासारखे दिसले, आणि महिना संपायच्या आत त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

ती कात्री लक्षात ठेवायला हवी. ब्राऊनला वेशाचं प्रेम नव्हतं. समोरच्या माणसाचं दार उघडलं पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. पुढे त्याने सूट घातला तेव्हा ज्यांना धक्का बसला, त्यांनी हे केस कापणं पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याचं सगळ्यात मोठं काम झालं. मॅसॅच्युसेट्समधले जेरोम ग्रॉसमन नावाचे एक पाकिटांचे कारखानदार (हो, चळवळीला कल्पना पुरवणारा माणूस कारखानदार होता, हेही लक्षात राहू द्या) म्हणत होते की ऑक्टोबरपर्यंत युद्ध थांबलं नाही तर देशभर संप करू. ब्राऊनला 'संप' हा शब्द खटकला. संप म्हटलं की निम्मा देश कानात बोळे घालतो. त्याने शब्द बदलून 'मोरॅटोरियम' केला, म्हणजे रोजचं कामकाज थोडा वेळ थांबवणं. आपल्याकडे यासाठी किती चांगला शब्द होता: हरताळ. १५ ऑक्टोबर १९६९ ला दुकानदार, शिक्षक, गृहिणी, पाद्री, वकील यांनी आपापल्या गावात दंडाला काळी फीत लावून, मेणबत्ती धरून, घंटा वाजवून, मेलेल्या सैनिकांची नावं वाचून हा दिवस पाळला. बॉस्टनच्या मैदानावर एक लाख माणसं होती. देशभरचा आकडा वीस लाखांच्या घरात धरला जातो. वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांच्या मागे मेणबत्त्यांची रांग व्हाइट हाउसपर्यंत गेली. ब्राऊन तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याचे सहकारी डेव्हिड हॉक, डेव्हिड मिक्सनर, मार्ज स्क्लेंकार हेही त्याच वयाचे.

निक्सन यांनी वरवर बेफिकिरी दाखवली आणि ३ नोव्हेंबरला 'मूक बहुसंख्याकां'ना साद घालणारं भाषण केलं. पण त्यांनी उत्तर व्हिएतनामला १ नोव्हेंबरची गुप्त मुदत दिली होती, तोवर नमला नाहीत तर मोठा तडाखा देऊ म्हणून. तो तडाखा त्यांनी दिला नाही. निदर्शनांमुळे आपल्या धमकीतला दम गेला, हे त्यांनी पुढे आठवणींत स्वतःच लिहून ठेवलं. हे श्रेय त्या २६ वर्षांच्या पोरांना त्या वेळी मिळालं नाही. पैसे संपले, माणसं थकली, आणि एप्रिल १९७० मध्ये समितीने गाशा गुंडाळला.

पुढचे टप्पे भराभर सांगतो, त्यातला एक सोडून. तो एक म्हणजे कोलोरॅडोतला हिवाळी ऑलिंपिकचा लढा.

१९७६ चं हिवाळी ऑलिंपिक डेन्व्हरला मिळालं होतं. हॉटेलवाले, जमीनवाले, रस्ते बांधणारे खूश होते. डोंगरांची चाळण होणार आणि बिल करदात्याच्या माथी, असं म्हणत रिचर्ड लॅम आणि इतर काही जण उभे राहिले. ब्राऊन त्या मोहिमेत होता. घरोघर सह्या, मग नोव्हेंबर १९७२ मध्ये सार्वमत. कोलोरॅडोच्या मतदारांनी ऑलिंपिकवर सरकारी पैसा खर्च करायला साफ नकार दिला आणि ते खेळ शेवटी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला झाले. मतदारांच्या कौलामुळे मिळालेलं ऑलिंपिक परत करणारं दुसरं शहर आजवर झालेलं नाही. म्हणजे पुढे ज्याच्या नावापुढे 'विकासक' लागलं, त्याच्या सार्वजनिक आयुष्यातला दुसरा मोठा विजय विकासकांविरुद्धचा होता.

१९७४ च्या निवडणुकीत लॅम गव्हर्नर झाले आणि ब्राऊन राज्याचा खजिनदार. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट घडली. राज्याचा पैसा बँकांत ठेवी म्हणून पडलेला असतो. तो कोणत्या बँकेत ठेवायचा हे खजिनदाराच्या हातात. ब्राऊनने म्हटलं, ज्या बँका कमी उत्पन्नवाल्यांच्या घरांना, लहान धंद्यांना, शेतकऱ्यांना, विद्यार्थ्यांना कर्ज देतील त्यांना ठेवी देताना झुकतं माप. मोर्चातला माणूस इथे पहिल्यांदा पैशाच्या नळाला हात लावताना दिसतो. घर हे घोषणेने उभं राहत नाही, व्याजदराने राहतं, हे त्याला बहुधा त्या खुर्चीत कळलं असावं.

१९७७ मध्ये कार्टर यांनी त्याला 'अ‍ॅक्शन' या केंद्रीय संस्थेचा प्रमुख केलं. पीस कोअर, म्हणजे परदेशात काम करायला स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारची योजना, तेव्हा तिच्याच पोटात होतं. (त्याच पीस कोअरमधून कार्टरांची आई, लिलियन, साठीच्या पुढे असताना आपल्या विक्रोळीत येऊन दवाखान्यात काम करून गेली होती. विक्रोळीतून रोज जाणाऱ्यांना हे फारसं माहीत नसतं.) ब्राऊनची ती कारकीर्द गोडीगुलाबीची नव्हती. पीस कोअरच्या संचालक कॅरोलिन पेटन यांच्याशी त्याचं बिनसलं आणि १९७८ मध्ये त्या बाहेर पडल्या. संघटना उभी करणारा माणूस प्रत्येक वेळी संस्था चालवू शकतोच असं नाही. हे दोन वेगळे धंदे आहेत.

मग १९८१. रेगन आले, ब्राऊन घरी गेला आणि कोलोरॅडोत घरं बांधू लागला, मुख्यतः कमी आणि मध्यम उत्पन्नवाल्यांसाठीची.

इथे 'विकला गेला' म्हणण्याआधी त्या दशकाकडे पाहायला हवं. गरिबांसाठी घरं हा अमेरिकेत तोवर बराचसा सरकारचा विषय होता. रेगन यांच्या काळात केंद्राने त्यातून अंग काढून घ्यायला सुरुवात केली. नव्या बांधकामाला मिळणारं थेट अनुदान आटलं, आणि १९८६ च्या कर कायद्याने त्याची जागा कर-सवलतीने घेतली: खासगी विकासकाने स्वस्त भाड्याची घरं बांधायची, गुंतवणूकदारांनी त्याला भांडवल द्यायचं, सरकारने गुंतवणूकदाराला करात सूट द्यायची. त्या कायद्याने स्वस्त भाड्याची अट आधी १५ वर्षांची ठेवली, नंतर ती ३० पर्यंत वाढवली. म्हणजे १९८० नंतर ज्याला गरिबाचं घर बांधून पाहायचं होतं, त्याच्यापुढे दोनच रस्ते उरले. सरकारने बांधावं म्हणून बाहेर उभं राहून ओरडत राहायचं, किंवा आत जाऊन विकासक व्हायचं.

ब्राऊनच्या कंपनीने बांधलेली सगळ्यात माहितीतली वसाहत अ‍ॅस्पेनमध्ये आहे. नाव सेंटेनियल. अ‍ॅस्पेन हे बर्फावर घसरायला येणाऱ्या धनिकांचं गाव. तिथल्या बंगल्यांच्या किमती ऐकून आपल्या मलबार हिलला घाम फुटावा. पण बर्फावरची पाळणागाडी चालवणारा, हॉटेलातल्या चादरी बदलणारी, शाळेतला मास्तर, दवाखान्यातली नर्स यांनी राहायचं कुठे? डोंगराच्या उतारावर १९८०च्या दशकाच्या मध्यात सेंटेनियल उभी राहिली: १४८ घरं भाड्याची, ९२ मालकीची. तिथल्या मालकीच्या अशा घरांवर दस्तातच अट असते. घर स्थानिक नोकरदारालाच विकायचं, किंमत ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढवायची नाही. अ‍ॅस्पेनच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आज अशी तीन हजारांच्या आसपास घरं आहेत, आणि एखादं रिकामं झालं की लॉटरी निघते. म्हाडाच्या लॉटरीच्या दिवशी मोबाइलकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर मग ब्राऊन चांगला का वाईट? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. सेंटेनियलला प्रश्न विचारावा. गावातल्या नोकरदारांची २४० घरं तिथे झाली, हे खरं. आणि तीसेक वर्षांनी त्या मालकीच्या इमारतींच्या भिंतींत पाणी मुरलं, लाकूड कुजलं, म्हणून रहिवासी सरकारदरबारी गेले, हेही खरं. मूळ बांधकामात दोष होता असं रहिवाशांचं म्हणणं. देखभाल ही मालकांचीच जबाबदारी, असं अधिकाऱ्यांचं. आणि घराची विक्री-किंमतच बांधलेली असेल तर दुरुस्तीत पैसा कोण आणि का घालेल, हा त्या दोन्हींखाली दबलेला प्रश्न. स्वस्त घराची अट दस्तात लिहिणं सोपं असतं. चाळीस वर्षांनी गळणाऱ्या छपराचा खर्च कुणी करायचा, हे त्याच दस्तात लिहायला फार थोड्यांना सुचतं. हा दोष मोर्चातून आलेल्या विकासकाचा नाही आणि धंद्यातून आलेल्याचाही नाही. तो कागदाचा आहे, आणि कागदाबद्दल आपण हसत बसतो तेव्हा बोलत नाही.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर ही ब्राऊनची वकिली होईल. चळवळीतला माणूस विकासक झाल्याने खरं नुकसान होतं, पण ते लोक समजतात तिथे होत नाही. त्याने पैसा केला, गाडी घेतली, यात समाजाचं काही जात नाही. जातं ते त्याचं तोंड. ज्या कचेरीसमोर त्याने धरणं धरलं, त्याच कचेरीतून आता नकाशा मंजूर व्हायचा असतो. ज्या बँकेला त्याने जाब विचारला, तिच्याकडूनच कर्ज. असा माणूस भ्रष्ट होतो असं नाही. तो जपून बोलू लागतो. १९७२ मध्ये ऑलिंपिकवाल्यांना अडवणारा ब्राऊन दहा वर्षांनी तसाच अडवू शकला असता का? मला शंका आहे. आणि चळवळीत माणसं मोजकी असतात. त्यातलं एक गप्प झालं की ऐकू येतं.

आपल्याकडे याचं उत्तर एका बाईंनी शोधून दाखवलं होतं, तेही त्याच दशकात. मृणाल गोरे. पाणीवाली बाई, लाटणं मोर्चा, आणीबाणीतला तुरुंग हे सगळ्यांना पाठ आहे. पण गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत गेलात तर नागरी निवारा परिषदेच्या इमारतींची रांगच्या रांग दिसते. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा १९७६ चा. त्याखालची अतिरिक्त जमीन गरिबांच्या घरांसाठी वापरायची असं कायदा म्हणत होता आणि व्यवहारात ती सूट देऊन देऊन बिल्डरांकडेच राहत होती. मृणालताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जमिनीसाठी भांडून, कोर्टकचेऱ्या करून, सहा हजारांवर घरं उभी करून दाखवली. आंदोलन करणाऱ्यांनीच वीट-सिमेंटचे हिशेब केले. आणि सिमेंटचे हिशेब त्यांच्या वर्तुळाला नवे नव्हते. बिल्डरांना जादा सिमेंटचा कोटा आणि त्या बदल्यात मुख्यमंत्र्यांच्या प्रतिष्ठानला देणग्या या प्रकरणात पी. बी. सामंत यांच्या याचिकेवर न्या. लेंटिन यांनी निकाल दिला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांना जावं लागलं, ते याच समाजवादी मंडळींच्या चिवटपणामुळे.

मृणालताईंना कुणी 'बिल्डर' म्हटलं नाही. का? त्या साध्या राहिल्या, हे एक उत्तर झालं, आणि आपल्याला तेच आवडतं, कारण त्यात पुन्हा वेशच आला. मला दुसरं उत्तर जास्त पटतं. घरं बांधतानाही त्यांनी जमिनीवरचं भांडण सोडलं नाही. घर हे त्यांच्यासाठी मागणी पूर्ण झाल्याची खूण नव्हतं, मागणी शक्य असल्याचा पुरावा होता. आम्ही हजारो घरं या भावात देऊ शकतो, मग सरकार का नाही? हे विचारायची सोय त्यांनी स्वतःकडे ठेवली. ब्राऊनच्या कंपनीला ती सोय नव्हती. कंपनीला पुढचा प्रकल्प हवा असतो. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला, त्यामुळे आज कुणाला दुसरी दिंडोशी उभी करायची म्हटली तर जमीनच नाही. मग चळवळीतल्या माणसाला उरतो तो आमच्या गच्चीवर आलेला रस्ता: कुणाच्या तरी पुनर्विकासात मध्यस्थ.

ब्राऊनचा एक शेवटचा प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याचं नाव युरोपातल्या सुरक्षा व सहकार्य परिषदेसाठी राजदूत म्हणून पाठवलं. १९९४ मध्ये सिनेटमध्ये रिपब्लिकन सदस्यांनी ते अडवून धरलं. चर्चा थांबवून मतदान घ्यायला लागणारी ६० मतं काही जमली नाहीत. आक्षेप अनेक होते, पण मुळाशी एकच: हा तोच व्हिएतनामवाला. मध्ये दहा-बारा वर्षं त्याने कंपनी चालवली, कर्जं घेतली, इमारती बांधल्या, हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. शेवटी त्याला राजदूताच्या दर्जाशिवायच व्हिएन्नाला पाठवावं लागलं. जुन्या मित्रांसाठी तो बिल्डर झाला होता आणि जुन्या शत्रूंसाठी मोर्चावालाच राहिला. दोघांनीही त्याने बांधलेल्या एकाही घराची पायरी चढून पाहिली असेल असं वाटत नाही.

आमच्या सोसायटीची दुसरी सभा महिन्याने झाली. या वेळी मी मसुदा वाचून गेलो होतो. एकतीस पानं, बारीक टाइप. खादीवाले गृहस्थ उभे राहिले, काका पुन्हा काहीतरी म्हणाले, पुन्हा हशा झाला. मी हात वर केला आणि विचारलं की तळमजल्याच्या जिन्याखालच्या खोलीत वॉचमनचं कुटुंब चौदा वर्षं राहतंय, नव्या इमारतीत त्यांचं काय? आणि बावीस मजल्यांच्या लिफ्टचा खर्च कॉर्पसच्या, म्हणजे विकासक देणार त्या निधीच्या, व्याजातून किती वर्षं निघेल?

हशा थांबला. गृहस्थांनी चष्मा चढवला, अंगठा जिभेला लावून मसुद्याची पानं उलटायला लागले. वॉचमनचा उल्लेख कुठे सापडेना. "नाहीये," ते म्हणाले. मग खिशातलं पेन काढलं, समासात काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव काय?"

गच्चीवर साठ माणसं होती. नाव कुणालाच सांगता येईना.